निळू फुले : पडद्यावरचा पाटील, मनातला माळी



डिसेंबर लागला की आमच्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू होते. यंदा सातवीच्या लेकरांनी एक छोटी नाटिका बसवायला घेतली. गावातला सावकार, त्याचे दोन गुंड, एक गरीब शेतकरी, त्याची बायको आणि शिकून आलेली मुलगी, एवढीच पात्रं. आता तुम्हाला वाटेल की सावकार व्हायला कुणी तयार होत नसेल. उलट झालं! सात-आठ जणांनी एकदम हात वर केले. शेतकरी व्हायला मात्र कुणीच उठेना. आपल्या जालना जिल्ह्यात ज्याच्या-त्याच्या घरी शेतकरी आहे, त्याचं काय कौतुक, असंही असेल. पण खरं कारण वेगळं होतं. व्हिलनला हसायला मिळतं, ओरडायला मिळतं, मिशी लावायला मिळते.

प्रत्येकाने सावकार करून दाखवला. पहिल्या पाचही जणांनी पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, छप्पर उडेल असं हसून दाखवलं. हे हसू कुठून आलं ते सांगायची गरज नाही. 'मोटू पतलू'मधला जॉन तुम्ही रोज बघता. दर भागात तो नवीन बेत आखतो, आधीच हसून घेतो, आपला सगळा बेत समोरच्याला सांगून टाकतो आणि शेवटी मार खातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं की सर, हा आपला बेत सांगतोच कामून? न सांगता गुपचूप केलं तर जिंकेल ना! प्रश्न लै चांगला होता. मी तिला म्हटलं की तो त्याच्या धंद्याचा नियम आहे. कार्टूनमधल्या दुष्टाला आपण दुष्ट आहोत हे माहीत असतं, आपण शेवटी हरणार हेही माहीत असतं, आणि तरी तो आपलं काम चोख करतो. तो नियमाने वागला नाही तर गोष्टच होणार नाही.

हे काही टीव्हीवाल्यांनी शोधून काढलेलं नाही बरं का. आपल्याकडच्या सोंगांमध्ये, वगामध्ये, दशावतारात हे फार जुनं आहे. रावणाचं सोंग घेणारा माणूस आधी येऊन आपणच रावण असल्याचं दणक्यात सांगतो. कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो तोच मुळी लोकांना माहीत असलेल्या वेशात. लोक त्याला हसतात, घाबरतात, आणि तो हरला की घरी जातात. सोंग घेणाऱ्याला ठाऊक, बघणाऱ्याला ठाऊक. दोघांचा तो अबोल करार असतो.

मग सहावा मुलगा उठला. तो हसला नाही. त्याने डोळे अर्धे मिटले, मान थोडी वाकडी केली, आवाज घोगरा केला आणि एकेक शब्द ओढत नाटकातल्या मुलीला वाड्यावर येण्याचं आमंत्रण दिलं. सगळा वर्ग हसून लोटपोट. ती मुलगी मात्र खाली बघत राहिली. मी तालीम तिथेच थांबवली. मुलाला विचारलं की तू ही नक्कल कुणाची केलीस? त्याला नाव माहीत नव्हतं. मोबाईलवर रील बघितलं होतं, एवढंच त्याला माहीत. वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

त्यांचं काही चुकलं नाही. ज्यांची ती नक्कल होती ते निळू फुले २००९ साली वारले, या लेकरांच्या जन्माआधी. पण ज्या माणसाचा आवाज सबंध महाराष्ट्राच्या घशात बसलाय तो माणूस कोण होता हे कळायला पाहिजे. म्हणून आजचा हा पाठ.

निळू फुले यांचं पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुण्याचा, १९३० च्या सुमारासचा. वडील लोखंडाची मोडतोड आणि भाजीपाला विकून घर चालवायचे. घरात भावंडं पुष्कळ, पैसा थोडा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आठवडी बाजारात दुकान लागतं, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. निळूभाऊंना झाडांची आवड होती. आपली स्वतःची रोपवाटिका असावी असं त्यांना वाटे. पण त्यासाठी लागणारं भांडवल कुठून आणणार? मग ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून कामाला लागले. वय असेल सतरा वर्षांचं. पगार महिन्याला ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे.

ही १० रुपयांची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. पगाराचा आठवा भाग झाला तो. घरी खाणारी तोंडं इतकी असताना आठवा भाग बाहेर द्यायचा, हे सोपं नाही. पुढे पडद्यावर गोरगरिबांची जमीन गिळणारा, पतसंस्था बुडवणारा, कारखान्याच्या पैशावर उड्या मारणारा हाच माणूस!

राष्ट्र सेवा दल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १९४१ साली उभी राहिलेली ही समाजवादी विचारांची युवक संघटना. साने गुरुजी, एस. एम. जोशी अशी मोठी माणसं तिच्याशी जोडलेली. सेवा दलाचं कलापथक होतं. गावोगावी जायचं, पोवाडे, गाणी, नाटुकली करायची आणि लोकांना हसवता हसवता जातिभेद, अंधश्रद्धा, हुंडा यांवर बोट ठेवायचं, असं त्याचं काम. निळूभाऊ या कलापथकात वाढले. नाटकाच्या शाळेत ते कधी गेले नाहीत. सेवा दलाचं कलापथक हीच त्यांची शाळा.

१९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी स्वतः एक लोकनाट्य लिहिलं, 'येरा गबाळ्याचे काम नोहे'. त्यानंतर पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगात त्यांनी रोंगे नावाचं पात्र केलं आणि लोकांच्या नजरेत भरले. मग आलं 'कथा अकलेच्या कांद्याची'. शंकर पाटलांचं हे लोकनाट्य. सोबत जिवाभावाचे मित्र राम नगरकर. या लोकनाट्याचे दोन हजारांच्या वर प्रयोग झाले. जरा हिशोब करा, रोज एक प्रयोग धरला तरी साडेपाच वर्षं होतात.

दोन हजार रात्री लोकांसमोर उभं राहिलं की माणसाला काय येतं? सिनेमात चुकलं तर पुन्हा शॉट घेता येतो. वगात चुकलं तर समोरचा शेतकरी उठून तंबाखू मळायला जातो. वगात लिहिलेले संवाद थोडे आणि जागेवर सुचलेलं जास्त. ज्या गावात प्रयोग, त्या गावच्या सरपंचाचं, पावसाचं, रस्त्याचं काहीतरी त्यात घालायचं असतं. समोरचा माणूस कशाला हसतो, कशाला चिडतो, कुठे त्याचा श्वास अडकतो, हे रोज मोजायचं. निळूभाऊंना हे मोजमाप पक्कं झालं. माझं असं मत आहे की पुढे पडद्यावर त्यांनी जो दुष्ट माणूस उभा केला, त्याचं सगळं सामान या तंबूतून आणि पारावरूनच आलेलं आहे.

या लोकनाट्यांतूनच दिग्दर्शक अनंत माने यांची नजर त्यांच्यावर गेली आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' या सिनेमात निळूभाऊ पहिल्यांदा पडद्यावर आले. त्यातलं त्यांचं पात्र झेले अण्णांचं. सिनेमा चालला. झेले अण्णा त्याहून चालले. तिथून पुढे चार दशकं, दोनशेच्या आसपास सिनेमे.

आता जरा इतिहासाकडे वळू, म्हणजे हा दुष्ट पाटील कुठून आला ते कळेल. जुन्या मराठी सिनेमात दुष्ट माणूस म्हणजे सावकार. १९२५ च्या बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्येही तोच होता. किंवा मग वतनदार पाटील, देशमुख. आपल्या मराठवाड्यात तर निजामाचं राज्य १९४८ पर्यंत होतं, त्यामुळे वाड्याबरोबर पांढऱ्या मातीची गढी आणि तिचा दराराही आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी बघितलाय. पण निळूभाऊ पडद्यावर आले तेव्हा गावं बदलत होती. सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा. १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्याच सुमारास वतनाचं मुलकी पाटीलपण कायद्याने गेलं. म्हणजे गावातली सत्ता वाड्यातून उठून सोसायटीच्या, बँकेच्या, कारखान्याच्या कचेरीत जाऊन बसली. बऱ्याच ठिकाणी माणूस तोच राहिला, फक्त खुर्ची बदलली. सगळीकडे असं झालं असं मी म्हणत नाही. सहकाराने महाराष्ट्रात पुष्कळ चांगलंही केलंय, ऊसवाल्या गावांना विचारा. पण जिथे वाकडं झालं, तिथला माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, हे पडद्यावर आणायला एक चेहरा पाहिजे होता.

तो चेहरा निळूभाऊंचा. आणि गंमत बघा, त्यात राक्षसासारखं काहीच नव्हतं. अंगाने मध्यम, रंगाने सावळे, चेहरा तुमच्या-माझ्या काकाचा. डोक्याला पांढरी टोपी, धोतर नाहीतर पायजमा, वर कोट किंवा जाकीट. हा पोशाख गावातल्या कोणत्याही प्रतिष्ठित माणसाचा. हसणं नाही, आरडाओरडा तर फारच कमी. उलट समोरच्याचा आवाज चढला की यांचा उतरायचा. आपल्या माणसाला नुसती नजर द्यायची, तो माणूस उठून जायचा, आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकांना कळायचं. हिंदीतला खलनायक तेव्हा सोन्याच्या गुहेत राहत होता, टेबलावरची बटणं दाबत होता. आमचा खलनायक ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. जास्त भीती कुणाची वाटेल? ज्याला आपण उद्या सकाळी सोसायटीत भेटणार आहोत त्याची.

पण म्हणून त्यांनी नियम मोडले असं समजू नका. सगळे नियम पाळले. पात्र आल्याबरोबर हा कोण ते कळलं पाहिजे, शेवटी हरलं पाहिजे, हरताना लोकांना टाळी वाजवायची संधी दिली पाहिजे. वगातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फक्त संकासुराला जसा ठरलेला वेश असतो, तसा निळूभाऊंनी या नव्या दुष्टाला वेश दिला : तिरपी टोपी, तिरपी नजर, ओढलेला आवाज. दोन-चार सिनेमांत तो इतका ओळखीचा झाला की ते नुसते दाराच्या चौकटीत दिसले तरी थेटरात चुळबुळ सुरू व्हायची.

आमच्या लहानपणी थेटर तालुक्याला. गावात यायचा तो जत्रेतला तंबू. दिवसा गाडीवरून भोंगा फिरायचा, रात्री तंबूत बसकर टाकून आम्ही मातीत बसायचो. बायका एका बाजूला, गडीमाणसं दुसऱ्या बाजूला. पडद्यावर निळू फुले आले की बायकांच्या बाजूने कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. माझी आजी तर देवभोळी, मुंगीवर पाय न देणारी बाई. पण निळू फुले दिसले की तिच्या तोंडातून जे निघायचं ते मला इथे लिहिता यायचं नाही. पुढे गावात टीव्ही आला, दूरदर्शनवर सुट्टीच्या दिवशी मराठी सिनेमा लागायला लागला, तरी आजीचं मत बदललं नाही. ती त्यांना नट समजतच नव्हती. ते तसेच असणार, अशी तिची खात्री होती.

असं एकट्या आजीचं नव्हतं. निळूभाऊ प्रत्यक्षात एखाद्या गावी गेले तर बायका त्यांच्यापासून लांब उभ्या राहत, असं त्यांच्यासोबत फिरलेले लोक सांगत. हिंदीत प्राण यांचं असंच झालं होतं, लोक पोरांची नावं प्राण ठेवीनात. निळूभाऊ या शिव्यांना आपल्या कामाची पावती समजत, असं म्हणतात. समजत असतीलही. पण मला कधी कधी वाटतं, पगारातले १० रुपये सेवा दलाला देणाऱ्या माणसाला, ज्या लोकांसाठी आपण हे केलं त्याच लोकांच्या आयाबाया आपल्याला बघून पदर सावरतात, हे बघताना आत काय होत असेल? करार दोघांना माहीत असेल तरच सोंग सोंग राहतं. इथे एकाला माहीत होतं, दुसऱ्याला नव्हतं.

मित्रांनो, त्यांचा एकच सिनेमा बघायचा असेल तर 'सामना' बघा. विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, निर्माते कवी रामदास फुटाणे. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेत होता. त्यात निळूभाऊ आहेत हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना, दूध, कोंबड्या, शाळा, सगळं त्यांच्या हातात. गावात एक दारुडा, फाटका, म्हातारा मास्तर येऊन पडतो. डॉ. श्रीराम लागूंनी तो केलाय. हिंदुराव त्याला घरी ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, आपलं राज्य फिरवून दाखवतात. आणि मग मास्तरच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. हा माणूस गावात होता आणि आता नाही. मास्तर विचारायला लागतो की त्याचं काय झालं. साधा प्रश्न. पण तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावांचं सगळं साम्राज्य आतून हलायला लागतं.

यात निळूभाऊंनी जे केलंय ते मी किती वेळा बघितलं असेल, सांगता येत नाही. हिंदुराव दुष्ट आहे, आणि त्याला ते माहीत आहे. पण तो गोष्टीतल्या दुष्टासारखा आपल्या दुष्टपणावर खूश नाही. आपण गावाचं भलं केलंय असंही त्याला मनापासून वाटतं. शाळा त्याने बांधलीच ना? मास्तरशी बोलायला त्याला आवडतं, कारण अख्ख्या गावात न घाबरता बोलणारा तो एकच माणूस आहे. जो माणूस आपल्याला बुडवणार आहे त्यालाच हिंदुराव घरात ठेवून घेतो, जवळ बसवतो. आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न आठवतो ना, हा आपला बेत सांगतोच कामून? 'सामना'मध्ये त्याचं उत्तर सापडेल. त्याला कुणीतरी ऐकणारा पाहिजे असतो.

त्याआधी १९७२ मध्ये तेंडुलकरांचंच 'सखाराम बाईंडर' रंगमंचावर आलं, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. त्यातला सखाराम निळूभाऊंनी केला. ते नाटक मोठ्या माणसांचं आहे, तुम्ही कॉलेजात गेल्यावर वाचा. त्यावर खूप वादळ झालं, सेन्सॉर मंडळाने अडवलं, शेवटी मुंबई उच्च न्यायालयातून त्याची सुटका झाली.

'सिंहासन' हा १९७९ चा सिनेमा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. यात मंत्री, मुख्यमंत्री, पुढारी भरपूर आहेत. निळूभाऊंना कुठलं काम मिळालं असेल असं वाटतं? पुढाऱ्याचं नाही. ते झालेत दिगू टिपणीस नावाचे पत्रकार. सगळ्यांचे डाव बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा माणूस. शेवटी त्याच्या डोक्यावर परिणाम होतो आणि तो रस्त्यात हसत सुटतो. आयुष्यभर ज्या नटाने खलनायकाचं ठरलेलं हसणं टाळलं, तो हसला तो असा. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात तर ते जुने गांधीवादी अप्पाजी झाले, स्वतःच्याच मंत्री झालेल्या मुलासमोर उभे राहणारे. म्हणजे ज्या टोपीखाली त्यांनी इतके लबाड पुढारी दाखवले, तीच टोपी इथे एका स्वच्छ माणसाच्या डोक्यावर. हिंदीत त्यांनी 'कुली', 'मशाल', 'सारांश' अशी कामं केली. 'सारांश'मधला गजानन चित्रे बघितला तर आपला जुना पाटील शहरात राहायला गेलाय असं वाटतं.

आता थोडं कडू बोलतो. दोनशे सिनेमांतले सगळे 'सामना' नाहीत. बरेचसे एकाच साच्याचे, पाटील-कोतवाल-तमाशा-बलात्काराचा प्रसंग, असे आहेत. पोट सगळ्यांना असतं, शिवाय एकदा पाटील चांगला वठला की निर्माते पाटीलच घेऊन येतात. त्या सिनेमांत बाईवर हात टाकणारा दुष्ट वाईटच दाखवला जायचा हे खरं. शेवटी त्याला शिक्षाही व्हायची. पण प्रेक्षकांतले काही लोक त्या प्रसंगांकडे शिक्षेसाठी बघत नव्हते, हेही खरं. आणि आज त्या दुष्टाचं बाकी सगळं गळून पडलंय, त्याची शिक्षा गेली, तो बोटं मोडणारा तंबू गेला. उरलं काय, तर वाड्यावर बोलावण्याची नक्कल. माझ्या आजीच्या काळी त्या आवाजाने बाया चिडायच्या. आता त्याच आवाजावर टाळ्या पडतात, आणि समोर उभी असलेली पोरगी खाली बघते. नटाने जे तिरस्कार वाटावा म्हणून केलं, ते आपण विनोद म्हणून वापरायला लागलो. यात निळूभाऊंचा दोष किती, सिनेमावाल्यांचा किती, आपला किती, याचा हिशोब मला अजून जमलेला नाही. त्या दिवशी वर्गात मी तालीम थांबवली ती रागाने, एवढं कबूल करतो.

कॅमेऱ्यामागचे निळूभाऊ मात्र शेवटपर्यंत सेवा दलाचेच राहिले. वाचन दांडगं. राहणी साधी. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या कामात त्यांची साथ होती, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला होती. आणि सामाजिक कृतज्ञता निधी हे काम तर तुम्हाला मुद्दाम माहीत पाहिजे. जी माणसं आपलं पूर्ण आयुष्य समाजाच्या कामात घालतात, त्यांच्या घरची चूल कशी पेटणार? त्यांना दरमहा थोडं मानधन देता यावं म्हणून हा निधी उभा करायचं ठरलं. डॉ. लागू, निळूभाऊ, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी त्यात होती. पैसे जमवायला आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' नाटक नामवंत नटांनी मिळून बसवलं आणि गावोगावी प्रयोग केले. म्हणजे 'सामना'तला मास्तर आणि 'सामना'तला हिंदुराव, दोघं एकाच गाडीत बसून कार्यकर्त्यांसाठी वर्गणी गोळा करत फिरत होते. हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. ८० रुपयांतले १० रुपये देणारा माळी पोरगा त्या गाडीत बसलेला दिसेल.

१९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. राज्य शासनाचे पुरस्कार तर 'सामना'सह अनेक चित्रपटांसाठी मिळाले होते. त्यांची कन्या गार्गी फुले याही अभिनेत्री आहेत. शेवटच्या काळात अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांना गाठलं. त्यांच्या शेवटच्या सिनेमांपैकी एक 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा. पडद्यावर शेतकऱ्याला लुबाडून कारकीर्द उभी राहिली, आणि शेवटी त्याच शेतकऱ्याच्या मरणाच्या गोष्टीत हा नट उभा होता. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले.

बातमी आमच्या गावात पोचली तेव्हा आजी हयात होती. मी तिला सांगितलं. ते माळी होते, पगारातून दान द्यायचे, बायकांशी कधी वावगं वागले नाहीत, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने मला दोनदा विचारलं की हे खरं आहे का. मी हो म्हटलं. तरी तिचा पुरता विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

नाटिकेचं काय झालं, ते राहिलंच. सहाव्या मुलालाच सावकार केलं. आवाज तोच घोगरा, नजर तीच तिरपी, पण आमंत्रणाचं वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी तो शेतकऱ्यापुढे सातबारा आणि शाईचं पॅड सरकवतो आणि काही न बोलता त्याच्या अंगठ्याकडे बघत बसतो. तालमीत हा प्रसंग आला की वर्गात आता कुणी हसत नाही. मागच्या आठवड्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या पोराला तिथेच चार शब्द सुनावून त्या गेल्या. पोरगं लै खूश झालं.

तुमच्यासाठी उपक्रम : घरी गेल्यावर आजीला किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला निळू फुले हे नाव सांगा आणि आधी नुसता तिचा चेहरा बघा. मग ती त्यांच्याबद्दल काय बोलते ते वहीत लिहून आणा. त्यात शिव्या असतील तर तेवढी जागा मोकळी सोडा.